चक बेरीचा ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’: रॉक अँड रोल कुणी घडवलं, या वादात समोर ठेवावा असा अल्बम

रॉक अँड रोलवर सगळ्यात मोठा ठसा कुणाचा, हा वाद बहुतेक वेळा नावांपाशीच अडकतो. एक जण एल्व्हिस प्रेस्लीचं नाव घेतो, दुसरा लिटल रिचर्डचं, तिसरा सिस्टर रोझेटा थार्पचं. तिघांकडेही सांगण्यासारखं असतं, म्हणून कुणीच मागे हटत नाही. नावं बाजूला ठेवून एक रेकॉर्ड समोर घेतली आणि कुठला तुकडा कुणाकडून आला हे गाण्यागणिक पाहत गेलं, तर हाच वाद खूप पुढे सरकतो. त्या कामासाठी अमेरिकन गायक-गिटारवादक चक बेरीचा ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ हा संच फार उपयोगी आहे. चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीने तो १९८२ मध्ये दोन एलपींमध्ये काढला. १९५५ ते १९६५ या काळातली अठ्ठावीस गाणी, एका बाजूला सात, एकूण वेळ सत्तर मिनिटांच्या आसपास. सीडीच्या रूपात सगळं एकाच तबकडीत मावतं.

घ्यावा का? जरूर घ्यावा. मात्र या संचाच्या निवडीमुळे बेरी आहे त्याहून जास्त स्वयंभू वाटतो. तो समज दूर करायला जोडीला आणखी चार-पाच रेकॉर्डी लागतात.

सुरुवात ‘मेबलीन’ने होते आणि निम्मा वाद या एका गाण्यात आहे. २१ मे १९५५ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रण झालं. गिटार आणि आवाज बेरीचा, पियानोवर जॉनी जॉन्सन, बासवर विली डिक्सन, ड्रम्सवर एबी हार्डी, आणि माराकासवर, म्हणजे हातातल्या खुळखुळ्यांवर, जेरोम ग्रीन, हा चेसच्याच बो डिडली या गायक-गिटारवादकाचा साथीदार. बेरीला चेस कंपनीच्या लेनर्ड चेसकडे जायला सांगितलं ब्लूज गायक मडी वॉटर्सने. तेव्हा बेरीने आणलेल्या गाण्यांत ‘आयडा रेड’वर बेतलेलं हे गाणं होतं. ‘आयडा रेड’ हे जुनं फिडलवरचं लोकगीत. टेक्सासच्या बॉब विल्सने १९३८ मध्ये ते आपल्या वेस्टर्न स्विंग, म्हणजे कंट्री आणि जॅझ मिसळलेल्या नाचगाण्याच्या बँडसह रेकॉर्ड केलं होतं. सेंट लुईसचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक गोऱ्या नाचगाण्याच्या बँडची चाल घेतो, शिकागोच्या ब्लूज कंपनीत तिला मोटारींच्या शर्यतीचे शब्द आणि फाटका, तापलेला अँप्लिफायर देतो, आणि गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या, तर पॉपच्या यादीत पाचव्या क्रमांकावर जातं. काळं-गोरं संगीत एकत्र आणण्याचं सगळं श्रेय मेम्फिसला देणाऱ्यांनी हे गाणं आधी नीट ऐकावं. एल्व्हिसचं मेम्फिसच्या सन स्टुडिओतलं पहिलं गाजलेलं ध्वनिमुद्रण जुलै १९५४ चं, म्हणजे ‘मेबलीन’च्या दहा महिने आधीचं, हे खरंच आहे. पण तो आर्थर क्रुडपचं ब्लूज गाणं कंट्रीच्या अंगाने गात होता, तर बेरी नेमका उलट दिशेने निघाला होता. दोघे एकाच पुलावर दोन टोकांनी चढले.

ऐकताना आवाज थोडा वाढवून माराकासकडे लक्ष द्या. गिटारच्या खरखरीखाली ते अखंड चालू असतात आणि गाण्याची घाई बरीचशी त्यांच्यातून येते. पियानो मात्र मागे दबलेला आहे. हा दबलेला पियानो पुढे वादाचं मोठं कारण ठरला.

दुसऱ्या बाजूवरच्या ‘जॉनी बी. गुड’च्या सुरुवातीच्या गिटारबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं. रॉक गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण हा तुकडा वाजवतो. तो मूळचा बेरीचा नाही. लुई जॉर्डन आणि त्याच्या टिंपनी फाइव्ह या बँडने १९४६ मध्ये ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ रेकॉर्ड केलं. त्याच्या सुरुवातीला कार्ल होगन हा गिटारवादक जे वाजवतो, ते आणि ‘जॉनी बी. गुड’चं तोंड जवळजवळ स्वरास स्वर जुळतं. बेरीने हे कधी लपवलं नाही. होगन, टी-बोन वॉकर, चार्ली क्रिश्चन या गिटारवादकांची नावं तो स्वतः घेत असे.

मग बेरीचं काय? होगन तो तुकडा सुट्या स्वरांत, जॅझवाल्याच्या सफाईने वाजवतो. बेरी त्याच स्वरमालिकेत दोन-दोन तारा एकत्र छेडतो. गाणं बी फ्लॅटमध्ये, आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाचमध्ये आहे. सहाव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या सहाव्या घरात, पहिली आणि दुसरी तार एकाच बोटाने दाबली की एफ आणि बी फ्लॅट एकदम मिळतात. तिसरी तार आठव्या फ्रेटवर दाबून पूर्ण एक स्वर वर ओढली की तीही दुसऱ्या तारेच्या एफला येऊन मिळते, आणि दोन तारांवर एकच स्वर किंचित घासत ऐकू येतो. ही ओढ टी-बोन वॉकरची. १९४० च्या दशकातल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांत ती स्पष्ट सापडते. होगनचं वाक्य आणि वॉकरचा उच्चार बेरीने जोडले, आणि आवाज इतका पुढे आणला की गिटार सॅक्सोफोनच्या जागी उभी राहिली. त्याच्या आधी या तऱ्हेच्या बँडमध्ये तोंडाचा तुकडा बहुतेक सॅक्सकडे असे. त्यामुळे स्वर कुणाचे याला होगन हे उत्तर, आणि गिटार बँडच्या मधोमध कुणी आणली याला बेरी.

शिकणाऱ्यांची एक चूक नेहमी दिसते. हा तुकडा ते ए मध्ये, पाचव्या फ्रेटवर बसवतात, कारण गिटारला ए सोयीचा आणि मोकळ्या तारा हाताशी. सराव होतो, पण रेकॉर्डबरोबर वाजवलं की अर्धा स्वर खाली राहतो. शिवाय मोकळ्या ए तारेवर साथ धरली की बेरीच्या साथीतला ताण निघून जातो. त्याची साथ अशी: सहाव्या तारेवर सहावा फ्रेट, पाचव्या तारेवर आठवा, मग करंगळी ताणून आठव्याचा दहावा, पुन्हा आठवा. ई फ्लॅटवर जाताना हाच आकार एक तार खाली पाचव्या-चौथ्या तारांवर सरकतो. करंगळी दहाव्या फ्रेटपर्यंत पोचत नसेल, तर अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणा आणि मनगट थोडं पुढे काढा. बेरीचे हात मोठे होते, त्याला हे सहज जाई. पिक सतत खालच्या दिशेने चालवा. वर-खाली चालवला की ठोका पातळ होतो.

आता हा काळी पाचचा प्रश्न. ‘मेबलीन’ आणि ‘जॉनी बी. गुड’ काळी पाचमध्ये, ‘रोल ओव्हर बीथोव्हेन’ काळी दोनमध्ये, म्हणजे ई फ्लॅटमध्ये. गिटारवादक आपण होऊन या पट्ट्या सहसा घेत नाही. त्याला ई, ए, डी, जी सोयीच्या. यावरून रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्यासारख्या जाणत्यांनी असं मांडलं की या चाली मुळात पियानोवरच्या, म्हणजे जॉनी जॉन्सनच्या. या म्हणण्याला आधार आहे. बँड मुळात जॉन्सनचा. १९५२ च्या ३१ डिसेंबरला सॅक्सवाला आजारी पडला म्हणून जॉन्सनने बेरीला एका रात्रीसाठी बोलावलं आणि तो तिथेच राहिला. ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये त्यांची जोडी तयार झाली. २००० मध्ये जॉन्सनने पन्नासहून अधिक गाण्यांच्या सहरचनेचा दावा कोर्टात केला. २००२ मध्ये फार उशीर झाला म्हणून तो फेटाळला गेला. चाली कुणाच्या, या मुद्द्यावर निर्णय झालाच नाही.

पट्टीचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा पक्का नाही. काळी पाच आणि काळी दोन या पियानोइतक्याच सॅक्सोफोन-ट्रंपेटच्याही घरच्या पट्ट्या. लुई जॉर्डन स्वतः सॅक्सवादक होता, आणि टी-बोन वॉकरही फुंकवाद्यांच्या बँडबरोबर वाजवत आला. ज्या गिटारवादकाने होगन आणि वॉकर रेकॉर्डींवरून गिरवले, त्याच्या हातात या पट्ट्या आपोआप बसतात. आमच्या मते जॉन्सनचा खरा वाटा पट्टीत शोधण्यापेक्षा संवादात शोधावा. ‘मेबलीन’च्या मागच्या बाजूचं ‘वी वी अवर्स’ लावा आणि गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त पियानोच्या उजव्या हाताचा पाठलाग करा. गायकाची ओळ संपते तिथे पियानो उत्तर देतो, आणि गिटार पुन:पुन्हा त्याच बोलीत बोलते. शब्द शंभर टक्के बेरीचे. वाजवण्याची बोली दोघांनी मिळून घडवली. एक गोष्ट मात्र खटकते: जॉन्सनच्या नावावरून सुचलेल्या ‘जॉनी बी. गुड’मध्ये पियानोवर जॉन्सन नाही, सत्राच्या नोंदीत नाव लाफायेट लीकचं आहे. ‘गुड’ आलं ते बेरीच्या जन्मघराच्या गुड ॲव्हेन्यूवरून.

हेच गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेलं. गोव्यातल्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही त्याच तबकडीवर आहे. मराठी श्रोत्याला या संचाशी नातं जोडायला एवढा धागा पुरे आहे.

आता लयीकडे. आमच्या मते उगमाच्या वादातला सगळ्यात दुर्लक्षित पुरावा लयीत आहे. शफल म्हणजे एका मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवणं: धाऽक्‌-ध, धाऽक्‌-ध. जॉर्डनचं जवळजवळ सगळं संगीत असं झुलतं. रॉकची लय म्हणजे त्याच मात्रेचे दोन सरळ समान भाग. ‘जॉनी बी. गुड’मध्ये बेरीची गिटार सरळ दोन भाग वाजवते आणि ड्रमर फ्रेड बिलो झुलता ठेका धरून असतो. दोन्ही लयी एकाच वेळी चालतात. त्यांच्या घर्षणातून जी ओढ तयार होते, ती नंतरच्या शेकडो नकलांत सापडत नाही, कारण नक्कल करणारे अख्खा बँड सरळ वाजवतात. बँड बसवत असाल तर ड्रमरला झुलता ठेका द्या आणि गिटारवाल्याला सरळ राहायला सांगा. पहिल्या काही तालमींत दोघे एकमेकांकडे ओढले जातील. तसं झालं तर वेग कमी करा, बासला ड्रम्सच्या बाजूने ठेवा आणि मगच वेग वाढवा.

ही सरळ लय बेरीने एकट्याने आणली असंही नाही, आणि इथे संच अपुरा पडतो. न्यू ऑर्लिन्सला कॉझिमो माटासाच्या स्टुडिओत लिटल रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने सरळ आठ भाग ठोकत होता. ड्रमर अर्ल पामरने नंतर सांगितलं की त्या उजव्या हाताशी जुळवून घेताना त्याला झुलता ठेका सोडावा लागला. ‘टुटी फ्रुटी’चं ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९५५ चं, म्हणजे ‘मेबलीन’ जुलैत बाजारात आल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. लयीपुरतं मत द्यायचं तर आम्ही ते रिचर्ड आणि पामर यांच्या जोडीला देऊ. गिटारपुरतं आणि शब्दांपुरतं बेरीला.

शब्दांची बाजू या संचात भरपूर आहे. ‘टू मच मंकी बिझनेस’मध्ये कारखाना, विक्रेता, पेट्रोल पंप, लष्कर असे एकेका कडव्यात एकेक वैताग येतात. ‘ब्राउन आइड हँडसम मॅन’मध्ये वर्णाचं राजकारण डोळ्यांच्या रंगाआड ठेवून मांडलं आहे, आणि १९५६ साली ते सरळ रेडिओवर गेलं. ही संवादी, गोष्ट सांगणारी तऱ्हा पुन्हा लुई जॉर्डनची. स्पष्ट उच्चार नॅट किंग कोलचे. ‘हवाना मून’वर कोलच्या ‘कॅलिप्सो ब्लूज’ची छाया आहे. उच्चारांच्या या स्वच्छतेमुळे रेडिओवर ऐकणाऱ्या अनेकांना बेरी गोरा वाटला. बाजारात त्याला त्याचा फायदा झाला आणि मंचावर पाऊल ठेवल्यावर त्रासही.

तिसरी बाजू सगळ्यात समाधान देते. ‘कॅरल’, ‘लिटल क्वीनी’, ‘ऑलमोस्ट ग्रोन’, आणि त्यांच्यात ‘मेम्फिस, टेनेसी’. या शेवटच्या गाण्यात आवाज कोरडा, जवळचा आहे, ड्रम्स मऊ, आणि फोन ऑपरेटरशी चाललेलं बोलणं शेवटच्या ओळीत वेगळाच अर्थ घेतं. १९५९ मध्ये ते ‘बॅक इन द यू.एस.ए.’च्या मागच्या बाजूला टाकलं होतं.

चौथी बाजू उतरते. ‘नदीन’ उत्तम. ‘नो पर्टिक्युलर प्लेस टु गो’ म्हणजे ‘स्कूल डेज’चंच संगीत नव्या शब्दांसह, दोन्ही एकाच संचात असल्याने ते लगेच कळतं. ‘आय वॉन्ट टु बी युअर ड्रायव्हर’ने शेवट करण्याचं कारण समजत नाही, कारण १९६४ ची ‘प्रॉमिस्ड लँड’ आणि ‘यू नेव्हर कॅन टेल’ ही दोन गाणी त्याहून कितीतरी सरस असून वगळली आहेत. याहून मोठी उणीव ‘वी वी अवर्स’ची. ‘मेबलीन’च्या मागच्या बाजूचं हे संथ ब्लूज गाणं चेसकडे जाताना बेरीला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. त्यात जॉन्सनचा पियानो पुढे आहे. ‘डीप फीलिंग’ ही स्टील गिटारवरची रचनाही नाही. ही दोन असती तर बेरी कुठून आला हे संच आपण होऊन सांगता. संकलन करणाऱ्यांनी गाजलेली गाणी निवडली आणि मुळं कापली.

खरेदी करताना सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. बेरी १९६६ मध्ये चेस सोडून मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि तिथे त्याने आपली गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. १९६७ चा ‘गोल्डन हिट्स’ हा त्यांचाच संच. स्वस्तातल्या अनेक संकलनांत आणि स्ट्रीमिंगवरच्या याद्यांत ही नवी ध्वनिमुद्रणं जुन्याच नावांनी येतात. ओळखायचं कसं? ‘मेबलीन’ लावा. रुंद स्टिरिओ, स्वच्छ ड्रम्स आणि माराकास गायब असतील, तर ते मर्क्युरीचं. मूळ ध्वनिमुद्रण मोनो आहे आणि गिटारचा आवाज कडांना फाटलेला आहे. दुसरी काळजी बनावट स्टिरिओची. १९६० च्या दशकात जुनी मोनो ध्वनिमुद्रणं दोन वाहिन्यांत फोडून, एका बाजूला तार स्वर आणि दुसऱ्या बाजूला मंद्र स्वर ढकलून विकली जात. अशा प्रतीत बास आणि गिटार वेगवेगळ्या भिंतींना चिकटतात आणि वर सांगितलेलं लयीचं घर्षण ऐकूच येत नाही. हाताशी तीच प्रत असेल, तर अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा, बरंच सुधारतं. जुनी एलपी घेताना दुसऱ्या बाजूची अखेर तपासा. ‘जॉनी बी. गुड’ तिथे, आतल्या वर्तुळांत आहे. सुई तिथे आधीच जास्त झगडते, आणि लोकांनी हेच गाणं सगळ्यात जास्त वाजवलेलं असतं. गायकाच्या ‘स’ला शिट्टीसारखी खर येत असेल तर प्रत सोडून द्या. २०१७ मध्ये याच नावाने जादा तबकड्यांचा मोठा संच निघाला, पण वादासाठी मूळ अठ्ठावीस पुरेत.

जोडीला काय ठेवावं? सगळ्यात आधी लुई जॉर्डनच्या डेक्का कंपनीच्या काळातलं एखादं चांगलं संकलन, ज्यात ‘कॅल्डोनिया’ आणि ‘चू चू च’बूगी’ आहेत. डेक्कात जॉर्डनची रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या मिल्ट गेबलरनेच एप्रिल १९५४ मध्ये बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित केलं. हेलीकडे जॉर्डनचा ठसा कुठून आला हे त्यावरून उमगतं. मग सिस्टर रोझेटा थार्पचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’. १९४४ चं ध्वनिमुद्रण, सॅमी प्राइसचा पियानो, चर्चमधले शब्द आणि विजेची गिटार. बेरीच्या अकरा वर्षं आधी गिटारचा तुकडा गाण्याच्या मध्यभागी आहे, आणि वाजवणारी एक स्त्री आहे. १९४७ मध्ये मेकनच्या सभागृहात चौदा वर्षांच्या रिचर्ड पेनिमनला, म्हणजे पुढच्या लिटल रिचर्डला, तिनेच मंचावर गाऊ दिलं. इतकं असून रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बेरीला १९८६ मध्ये पहिल्याच तुकडीत घेतलं आणि थार्पला २०१८ मध्ये. बत्तीस वर्षांचं हे अंतर कुठल्याही निकषावर समर्थनीय नाही. फॅट्स डॉमिनोचं डिसेंबर १९४९ चं ‘द फॅट मॅन’ आणि बो डिडलीचं स्वतःच्याच नावाचं १९५५ चं गाणंही ठेवा; माराकास कुठून आले ते दुसऱ्यावरून कळेल.

‘पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं’ या प्रश्नात फार वेळ घालवू नये. १९५१ चं ‘रॉकेट ८८’ त्यासाठी हमखास पुढे केलं जातं. आइक टर्नरचा बँड, गायक जॅकी ब्रेन्स्टन, प्रवासात बिघडलेला अँप्लिफायर आणि त्यातून निघालेला फाटका आवाज, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण पहिला क्रमांक शोधताना कोण कुणाकडून काय शिकलं हे मागे पडतं.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा: थार्प, मग जॉर्डनचं होगनच्या गिटारचं गाणं, मग टी-बोन वॉकरचं कुठलंही एक, मग बॉब विल्सचं ‘आयडा रेड’, आणि त्यानंतर या संचाची पहिली बाजू सलग. शक्य असेल तर एकाच स्पीकरवर, आवाज चांगला मोठा ठेवून.